वरच्या काकींची पिशवी

भाद्रपदातल्या कचऱ्याला एक वेगळाच वास असतो. कुजका म्हणावा तर तसा नसतो. खवलेल्या नारळाचा चोथा, मोदकांखाली घातलेली हळदीची पानं, माना टाकलेला तेरडा, कालची पत्री, केळीच्या खांबाची सालं, असं सगळं एकमेकांत मुरत जातं आणि जिन्याखालच्या हिरव्या बादलीचं झाकण उचललं की तो गोडूस, दमट वास अंगावर येतो. बाहेर उन्हापावसाची ये-जा चाललेली असते. आमच्या दहिवलीच्या मागच्या शेतांतला भात पोटरीला आलेला असतो. माथेरानचा डोंगर घटकेत दिसतो, घटकेत पुसला जातो. आणि सकाळी आठच्या सुमाराला कोपऱ्यावरून घंटागाडीचं गाणं ऐकू येतं.

या दिवसांत माणसं प्रसन्न असतात. मीही असायची. आता तीन वर्षं झाली, ते गाणं कानावर आलं की माझा हात, जे काही करत असेल ते, थांबतो.

आमचं घर दुमजली. खाली आम्ही नवराबायको, वर धाकटे दीर आणि अलका, माझी जाऊ. मुलं नोकऱ्यांच्या मागे लांब गेलेली. चुली कधीच्याच वेगळ्या झाल्या, पण जिना एक, फाटक एक, आणि गणपती एक. तो खाली माझ्याकडे बसतो, थोरल्यांचा मान म्हणून.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. अलका डोंगराच्या पायथ्याच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी, दहावी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडात 'हाय' आणि 'नाय' होतं. मीच तिला 'आहे' म्हणायला लावलं, 'नाही' म्हणायला लावलं. पाहुण्यांसमोर चुकली की मी हलकेच दुरुस्त करायची आणि ती हसून परत म्हणायची. तिला राग कसा येत नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. शाळा सुटल्यावरही घरात एक विद्यार्थिनी होती.

पूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची एक गोल कुंडी होती. सगळ्या गल्लीचा कचरा तिच्यात आणि त्याहून जास्त तिच्याभोवती. कुत्री, कावळे, दोन भटक्या गाई. पावसात त्याचा लगदा रस्त्यावर वाहायचा आणि शाळेत जाताना मी साडी उचलून, श्वास धरून तिथून निघायची. मग एका उन्हाळ्यात नगरपरिषदेची माणसं आली, कुंडी फोडून नेली आणि त्या जागी जास्वंद लावली. आम्हाला वाटलं, आता कचरा टाकायचा कुठे? पण प्रत्येक घराला दोन बादल्या मिळाल्या, हिरवी ओल्या कचऱ्याला, निळी सुक्याला. वेगवेगळे कप्पे असलेली नवी गाडी आली. गाडीवर बचत गटातल्या बायका नेमल्या.

देवळाच्या सभामंडपात त्याची बैठक झाली. मी पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेतलं. ओल्यात काय, सुक्यात काय, औषधांच्या बाटल्या कशात, काच कशी द्यायची. अलका मागे खांबाला टेकून बसली होती. तिच्याकडे वही नव्हती.

बैठकीतून एक पुठ्ठ्याचं कार्डही मिळालं. ते दाराला लावायचं. गाडीवरची बाई रोज कचरा बघून त्यावर खूण करणार. बरोबर वेगळा केला असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. महिनाभर सगळे हिरवे असले की आपल्याच ओल्या कचऱ्याचं झालेलं एक पोतं खत मिळणार आणि कचेरीबाहेरच्या फळ्यावर नाव लागणार.

मला वाटलं, हे माझंच काम. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांवर खुणा केल्या होत्या.

आमच्या गल्लीला मंदा आली. चाळिशीची, काटक, अलकाच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावरच्या गावातली. पहिल्याच आठवड्यात तिनं आमची नावं पाडली. मी खालच्या काकी, अलका वरच्या काकी.

अलकाला काहीच शिकावं लागलं नाही. तिच्या माहेरी टाकायचं असं काही नसायचंच. साली गुरांना, राख भांड्यांना, चिंधी जात्याखाली. तिनं फक्त जुनी सवय परत काढली. दुधाच्या पिशव्या ती कोपरा न तोडता कापायची, आतून धुवायची आणि वरच्या गॅलरीत दोरीला चिमटे लावून वाळत घालायची. पांढऱ्या-निळ्या पिशव्यांची ती रांग वाऱ्यावर फडफडायची, आणि येणारे-जाणारे वर बघून हसायचे. मीही हसले होते. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अलकाचं बाकी काम चोख असतं." मी हसायची थांबले.

अलकाच्या या वाळलेल्या पिशव्या मंदा वेगळ्या पोत्यात भरायची, कारण स्वच्छ पिशव्यांना मागणी असते. बाकी घरांची सुक्या कचऱ्याची पिशवी ती लोखंडी आकड्यानं उघडायची, ढवळून बघायची, मग ओतायची. अलकाच्या पिशवीत मात्र सरळ हात घालायची. "वरच्या काकींच्या पिशवीत मी डोळं झाकून हात घालते बघा," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणायची. "बाकीच्यांच्यात आकडा."

बाकीच्यांत मी आले.

मी माझी पिशवी आवरायला लागले. कागदांच्या घड्या घातल्या, खोके चपटे केले. मंदा आकड्यानं ढवळायची, हिरवा ठिपका द्यायची, "ब्येस हाय काकी," म्हणायची आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारायची, "वरच्या काकी गं!" अलका चहाचा कप घेऊन खाली यायची. मग दोघी फाटकापाशी उभ्या राहायच्या आणि अलका बोलायला लागायची. 'हाय' म्हणायची, 'नाय' म्हणायची, 'आमी' म्हणायची. मी इतकी वर्षं खपून घासूनपुसून काढलेली भाषा तिच्या तोंडात जशीच्या तशी होती. ती त्या भाषेत माझ्याशी कधीच हसली नव्हती. मी खिडकीत भाजी निवडत बसायची आणि कान तिकडे. विनोद काय झाला ते कळायचं नाही, नुसतं हसू ऐकू यायचं.

हेवा म्हणतात तो काही मोठ्या गोष्टींचा नसतो, हे मला त्या पावसाळ्यात कळलं. अलकाच्या मुलाला माझ्या मुलापेक्षा चांगली नोकरी लागली तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. सासूबाई शेवटच्या आजारात तिच्याच हातचं खायच्या, तेही मी गिळलं होतं. पण कचऱ्याच्या गाडीवरची एक बाई माझ्याऐवजी तिच्याशी हसते, हे मला गिळता येईना. श्रावणात फळ्यावर तिचं नाव लागलं. खताचं पोतं आलं तर तिनं अर्धं मला दिलं. "ताई, तुमच्या मोगऱ्याला घाला." मी घातलं. मोगऱ्याला नवी पालवी फुटली आणि मला त्या पानांचासुद्धा राग आला.

श्रावण संपता संपता आमच्या कार्डावर पुन्हा एक लाल ठिपका पडला. यांनी दाढीचं पातं ओल्या कचऱ्यात टाकलं होतं. मंदानं ते आकड्यावर उचलून मला दाखवलं. ती रागावली नाही. "काकी, पातं नि काच कागदात गुंडाळून येगळं द्या. वर लाल खूण करा. आमी हात घालतो ना यात."

मी मान डोलावली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला सांगितलेलं होतं. बैठकीतही सांगितलं होतं, वहीत लिहिलेलं होतं, आणि तिनं तोंडावरही सांगितलं होतं.

गणपतीत नगरपरिषदेनं जाहीर केलं की प्रभागातल्या सगळ्यात नीटनेटक्या घराचा विसर्जनाच्या दिवशी घाटावर सत्कार करायचा. सत्कार कुणाचा होणार हे गल्लीत कुणी कुणाला विचारलंच नाही. गौरींच्या हळदीकुंकवाला बायका माझ्या घरात, माझ्या गणपतीपुढे बसल्या होत्या आणि अलकाला विचारत होत्या की तेल लागलेल्या पिशव्या कशानं धुतेस. अलका सांगत होती. मी पेढ्यांचं ताट फिरवत होते. एकजण म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवलंत वाटतं जावेला?" मी "हो" म्हणणार होते. अलका माझ्याआधी म्हणाली, "आमच्या ताईंनीच शिकवलं सगळं." ती हे मनापासून म्हणाली. तिनं चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

गौरी गेल्या त्या दुपारी पाऊस एकसारखा लागला होता. मी सरबताचे ग्लास घासत होते. एक हातातून निसटला, मोरीच्या कडेवर आपटला आणि त्याचे चार तुकडे झाले. एक तुकडा लांब होता, सुरीसारखा. मी ते उचलले. रद्दीतला कागद घेतला, लाल पेन घेतला आणि गुंडाळायला जिन्याखाली आले, कारण तिथे उजेड बरा होता.

तिथे दोन निळ्या बादल्या शेजारीशेजारी होत्या. अलकाच्या बादलीतली पिशवी दुसऱ्या दिवसासाठी तयार होती. वर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, एकावर एक, इस्त्री केल्यासारख्या.

मला फक्त एक लाल ठिपका हवा होता. तिच्या कार्डावर एकच. कुणाला इजा व्हावी असं माझ्या मनात आलं नाही. माझ्या मनात दुसरं कुणी आलंच नाही, ही त्यातली खरी गोष्ट. मी त्या पिशव्या बोटानं बाजूला केल्या, काच आत सोडली आणि पिशव्या पुन्हा नीट लावल्या. कागद हातातच राहिला होता. तो मी घडी करून माझ्या बादलीत टाकला.

सकाळी गाणं वाजलं तेव्हा मी खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. मंदाचे रबरी हातमोजे पावसात आतून भिजले होते, म्हणून तिनं ते काढून गाडीच्या आरशाला अडकवले होते. तिनं आधी माझी पिशवी आकड्यानं उघडली, बघितली, ओतली. मग अलकाची घेतली. जिन्याकडे बघून हाक मारता मारताच तिनं उजवा हात आत घातला.

ती ओरडली नाही. "आई गं" एवढंच म्हणाली आणि हात बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं, आणि पावसानं लगेच फिकट होऊन खाली सांडलं. अलका चहाचा कप घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. कप तिथेच टाकून ती धावली, पदरानं तो हात गच्च धरला.

"काय लागलं गं? काय व्हतं?"

"काच हाय काकी आत."

"माझ्या पिशवीत?" अलका म्हणाली. "माझ्या?"

मी हळद घेऊन बाहेर गेले. मला वाटतं, मीच पहिल्यांदा म्हणाले की दवाखान्यात न्या. अलका तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. गाडीचा चालक बाजूला उभा होता. "वरच्या काकींकडून असं व्हायला नको व्हतं," तो म्हणाला. मी बादलीवरचं रक्त धुतलं. पाणी ओतताना माझे हात अजिबात कापत नव्हते, आणि तेच मला विचित्र वाटलं.

टाके पडले. मधल्या बोटाची शीर दुखावली होती. दुपारी अलका आली ती थेट कार्डापाशी गेली. गाडीवरच्या बायकांचा मुकादम आला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या काकी, एखाद्या वेळी होतं." ती म्हणाली, "नाही. लाल करा." त्यानं केला.

मला हवा होता तो ठिपका पडला. तो बघायला मी गेले नाही.

सत्कार शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या कुणाचा तरी झाला. मी घाटावर गेले नव्हते, त्यामुळे कुणाचा ते आजही मला नीट माहीत नाही. गाडीवर दुसरी बाई यायला लागली. ती कुणालाच हाक मारायची नाही. अलकानं गॅलरीतली दोरी काढून टाकली. ती बोलेनाशी झाली, जिन्यावर भेटली तर हसल्यासारखं करायची. मी मनाशी म्हणायची, चार दिवसांत विसरेल.

एका सकाळी ती खाली आली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ताई, एक विचारू? माझ्या घरातला एकही ग्लास फुटलेला नाही. बरण्या सगळ्या जागच्या जागी आहेत. बांगड्या बघितल्या. मग काच आली कुठून?"

मी कणीक मळत होते. "फुटला असेल एखादा कधीतरी. लक्षात राहत नाही."

तिचा चेहरा इतका उतरला की मला कळेना मी असं काय बोलले. मग ती हळूच म्हणाली, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. करायची आणि विसरायची. शेवटी मलाही ओळखेना. मला वाटतं, ताई, माझंही सुरू झालं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी म्हणाले, "वेडी आहेस का?" आणि कणकेला तेलाचा हात लावला.

त्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवू लागले. ती गॅस बंद करून पुन्हा बघायला यायची. कुलूप ओढून बघायची, फाटकापर्यंत जायची, परत यायची. हातावर पेनानं काहीबाही लिहायची. भावजींनी एकदा गमतीनं म्हटलं, "सध्या मॅडमचं लक्ष कुठे असतं?" तर ती रडायला लागली. आणि मी, इतके दिवस तिचं काहीतरी उणं निघावं म्हणून टपलेली, आता तिच्यात उणं निघत होतं तर मला ते बघवेना.

पितृपक्षात सासूबाईंची तिथी आली. त्या दिवशी आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात एकत्र रांधतो. मी वडे थापत होते, ती खीर ढवळत होती. मध्येच ती थांबली. "ताई, साखर घातली का मी?"

"घातलीस."

"बघा. आत्ता घातली, आत्ता विसरले."

खीर उकळत होती. बाहेर पानावर यायला कावळे जमले होते.

"अलका, काच मी टाकली."

तिनं पळी हलवायची थांबवली नाही. तिला वाटलं असेल, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हणाले. माझा ग्लास फुटला, तुझ्या पिशवीत मी टाकला.

"चुकून?"

तिनं किती सोपी वाट दिली होती. मान हलवली की झालं असतं. तिला ते हवंही होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. "तुला लाल ठिपका मिळावा म्हणून."

तिनं गॅस बारीक केला. हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं ती वर जाईल. पण ती वळली आणि उरलेले वडे तिनंच तळले. पानं वाढली, नैवेद्य ठेवला, पुरुषांना जेवायला घातलं. सगळं आवरल्यावर जिन्याच्या पायरीवर पाय ठेवून, माझ्याकडे पाठ असताना म्हणाली, "मंदाला तुमीच सांगा. मी नाय सांगणार."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा तिच्या भाषेत बोलली होती.

मंदाला हाताचं काम जमत नव्हतं, म्हणून मुकादमानं तिला शेडमध्ये बसवलं होतं. आमच्या गावाचा सुका कचरा तिथे जातो. मी रिक्षा करून गेले. इतके महिने मी रोज कचरा वेगळा करत होते आणि तो पुढे कुठे जातो हे मला वहीत लिहिण्यापुरतंच माहीत होतं. पूर्वी तिथे नुसता उघडा डोंगर होता कचऱ्याचा, धुमसत असायचा, वास बाजारापर्यंत यायचा. आता पत्र्याची लांब शेड होती. एका बाजूला खताचे खड्डे, झाकलेले. दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे, बाटल्यांचे दाबून बांधलेले गठ्ठे. मध्ये ताडपत्रीवर ढीग, आणि ढिगाभोवती सात-आठ बायका मांडी घालून बसलेल्या. त्यांचे हात सारखे चालत होते. उचल, बघ, टाक. उचल, बघ, टाक. हातमोजे होते, तरी मी त्या हातांकडे बघू शकले नाही.

मंदा वजनकाट्यापाशी होती. डाव्या हातानं वहीत खुणा करत होती. "खालच्या काकी! तुमी कशा इकडं?"

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. सांगून झाल्यावर तिनं पट्टी बांधलेला हात जरा वर केला, जणू तो माझ्या ध्यानात आला नसेल.

"तुमचं भांडान व्हतं वरच्या काकींशी. मग माजा हात का मधी?"

"भांडण नव्हतं," मी म्हणाले. "तिला माहीतही नव्हतं."

"त्ये तर आनखी वाईट."

मी माफी मागितली. ती "हां" म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. तिनं खुंटीवरचे कुणाचेतरी हातमोजे काढून माझ्यापुढे धरले. "आलाच हाय तर बसा. त्या ढिगातली काच येचून द्या पोरींना. चष्मा हाय ना तुमाला, दिसल नीट."

मी बसले. संध्याकाळपर्यंत बसले. बायकांनी मला जागा करून दिली. एकीनं विचारलं, "बाई, तुमी शाळंत व्हता ना? माजी पोरगी तुमच्याच वर्गात व्हती." मी मान डोलावली. कागदात गुंडाळून लाल खूण केलेल्या पुड्या मोजक्याच होत्या. बाकी काच तशीच होती, मोकळी, भाताच्या शितांत, चिंध्यांत, दुधाच्या पिशव्यांत. कुणी द्वेषानं टाकलेली नव्हती. नुसती टाकलेली होती. पण हाताला ते कसं कळणार?

त्यानंतर मी अधूनमधून जाते तिथे. पुण्य म्हणून नाही. न गेले तर घरात बसून खिडकीतून ऐकत राहते म्हणून.

मंदा दिवाळीनंतर परत गाडीवर आली. तिचं मधलं बोट पुरतं मिटत नाही. आता ती कुणाच्याच पिशवीत हात घालत नाही, अलकाच्याही नाही. अलकाच्या कार्डावर परत हिरवे ठिपके पडायला लागले, दोरी परत बांधली गेली. माझ्याशी ती बोलते. सण, पाहुणे, पाणी आलं का, गॅस आला का. ताई म्हणते. पण झालेली गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, माझ्या यांना नाही, गल्लीत नाही. भावजी अजूनही चेष्टेत म्हणतात, "आमच्या मॅडमनी बिचाऱ्या मंदाला जायबंदी केलं होतं," आणि ती ऐकून घेते.

कुणाला वाटेल, मला हायसं वाटत असेल. मला तर हेवाच वाटतो. गेला नाही तो, फक्त त्याची जागा बदलली. पूर्वी तिच्या ठिपक्यांचा वाटायचा, आता तिच्या गप्प राहण्याचा वाटतो. माझ्याकडे असतं का तेवढं? माझ्यावर कुणी असा खोटा आळ घेतला असता तर मी गावभर सांगत फिरले असते. मधल्या काळात नगरपरिषदेनं तिला आणि मंदाला शेजारच्या गल्ल्यांतून शिकवायला पाठवलं. मग शेलूच्या नव्या इमारतींतल्या बायकांनी ओळखीतून बोलावलं. सकाळी दोघी एका रिक्षात बसून जातात, मांडीवर दोन बादल्या, एक हिरवी, एक निळी. मी बायकांना शिकवण्यात सगळं आयुष्य घातलं आणि मला कुणी बोलावत नाही. असं मनात येतं आणि येतंच. मी त्याला आता अडवत नाही, फक्त त्याच्या हातात काही देत नाही.

यंदाच्या गौरी परवा झाल्या. हळदीकुंकवाला अलकानं मंदालाही बोलावलं होतं. ती नवी साडी नेसून, गजरा माळून आली, गौरीपुढे बसली. खोली बायकांनी भरलेली. दूध घेताना मंदाचं ते बोट पेल्याभोवती वळलं नाही, ताठ राहिलं. शेजारी नव्यानंच राहायला आलेल्या एका मुलीनं विचारलं, "मावशी, बोटाला काय झालं हो?"

"काम करताना लागतंच गं," मंदा म्हणाली.

अलका कुंकवाची कोयरी घेऊन पुढच्या बाईकडे वळली. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. दोघींनी मिळून मला किती सहज झाकून टाकलं होतं. मला ते सोसेना. त्यात पश्चात्ताप किती होता आणि त्या दोघींच्या मोठेपणावर जळणं किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

"माझ्यामुळे लागलं ते," मी म्हणाले. "अलकाच्या पिशवीत काच मी टाकली होती. मुद्दाम. ती चांगली म्हणून."

पेले तोंडापाशी थांबले. कोपऱ्यातल्या कुणीतरी "अगंबाई" म्हटलं. बाहेरच्या खोलीतून भावजींचा आवाज येत होता, तो बंद झाला.

मंदाच मग बोलली. "जाऊ द्या काकी. झालं त्ये झालं."

"झालं ते झालं नाही," अलका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तीन वर्षं मी वाट बघतेय, तुमी चारचौघांत कधी बोलताय म्हणून. येड्यासारखी आरशात बघून स्वतःला विचारत व्हते मी, अलके, तुला काय झालंय. तुमी कणीक मळत व्हता. मला लई राग हाय तुमचा, ताई. अजून हाय."

एवढं बोलून ती माझ्यासमोर आली. तिचे डोळे लाल झाले होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि ओठ माझे रागात होतात तसेच वाकडे झाले होते. तिनं मला हळद लावली, कुंकू लावलं, जरा जोरातच. मी तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत प्रथमच मला तिच्या कशाचाही हेवा वाटत नव्हता.